२५ पैकी २५, आणि त्यानंतरची घोडी

नमस्कार मंडळी. घोडा म्हणजे काय हे आपल्या बेळगाव, चिक्कोडी, निपाणी भागातल्या माणसाला सांगायला नको, जेठ महिना लागला की अंकलीच्या शितोळे सरकारांच्या वाड्यातनं माऊलींचे अश्व आळंदीला निघतात, सुमारे ३०० किलोमीटरची वाट, आणि वाटेवरच्या गावातली माणसं त्यांच्या पाया पडायला उभी असतात. आज मात्र मी एका लांबच्या घोडीबद्दल बोलणार आहे, ऑस्ट्रेलियातल्या ब्लॅक कॅव्हियरबद्दल. कॅव्हियर म्हणजे माशाची गाभोळी. तिच्या जॉकीचा शर्ट पण तसाच असायचा बघा, फिकट गुलाबी आणि त्यावर काळे ठिपके.

जन्म १८ ऑगस्ट २००६ चा. बाप बेल एस्प्रिट, आई हेल्सिंज. काही मित्रांनी मिळून २ लाख १० हजार डॉलरला घेतली, ट्रेनर पीटर मूडी. एप्रिल २००९ मध्ये मेलबर्नच्या फ्लेमिंग्टनला पहिल्यांदा पळाली आणि १३ एप्रिल २०१३ ला सिडनीच्या रँडविकला शेवटची, ह्या चार वर्षांत २५ शर्यती आणि २५ च्या २५ पहिली! त्यातल्या १५ ग्रुप वन, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाच्या.

पण मला सारखी आठवते ती २३ जून २०१२ ची इंग्लंडमधली रॉयल अ‍ॅस्कॉट. घोडी विमानानं अर्धं जग ओलांडून नेली होती, प्रवासात अंग आखडू नये म्हणून सगळ्या अंगाला घट्ट सूट चढवलेला, आणि इकडं मेलबर्नला माणसं मध्यरात्री चौकात मोठ्या पडद्यासमोर जमलेली. १२०० मीटरची शर्यत, ती पुढं होती, जॉकी ल्यूक नोलनला वाटलं झालं आता जिंकलो आणि त्यानं रेषेच्या जरा आधीच घोडीला ढील दिली की हो, तेवढ्यात फ्रान्सची मूनलाइट क्लाउड बाजूनं आली. फोटो काढून ठरवायला लागलं. ब्लॅक कॅव्हियर जिंकली, फक्त डोक्याइतक्या अंतरानं. नोलननं चूक आपली म्हणून सगळ्यांसमोर कबूल केलं. नंतर तपासलं तर मागच्या पायाचा स्नायू फाटलेला! म्हणजे ती तशा पायावर जिंकली होती. इंग्लंडची राणी स्वतः खाली येऊन तिला थोपटून गेली.

मग आलं तिचं दुसरं आयुष्य, आणि खरं मला बोलायचंय ते ह्यावरच. घोडी ११ महिने गाभण राहते, एका वेळी बहुतेक एकच शिंगरू. सगळ्यांना वाटलं आता दरवर्षी एक ब्लॅक कॅव्हियर येणार. तशी काही आली नाही, आणि मग लोक बोलायला लागले की आई म्हणून फेल गेली म्हणून. मला हे अजिबात पटत नाही. तिची थोरली लेक ओसिएट्रा, २०१४ ची, तीही आईसारखी पळाली नाही, पण तिचा पोरगा ऑझमोसिस २०२३ मध्ये फ्लेमिंग्टनला कूलमोर स्टड स्टेक्स जिंकला, ग्रुप वन, म्हणजे आजीनं जिथं सुरुवात केली त्याच मैदानावर! रक्त कधी एक पिढी सोडून वर येतं, त्याला तेवढा वेळ द्यायला नको का?

आणखी एक. आपल्याकडं जनावर घेताना पहिला प्रश्न असतो, बाप कोण. पण रेसच्या जगात एक बाप असलेल्या घोड्यांना भावंडं म्हणतच नाहीत, कारण एक घोडा एका सीझनमध्ये शंभराच्या वर माद्यांना लागतो. आई एक असली तरच भावंडं. ब्लॅक कॅव्हियरच्या आईचा, हेल्सिंजचाच दुसरा मुलगा ऑल टू हार्ड, तोही ग्रुप वन जिंकलेला. खाण तशी माती, आपल्या म्हाताऱ्या उगाच म्हणत नव्हत्या.

१७ ऑगस्ट २०२४ ला, अठरावा वाढदिवस एका दिवसावर असताना ती गेली. लॅमिनायटिस झाला होता. म्हणजे खुराचं कवच आतल्या हाडाला धरून ठेवणारा जो थर असतो त्याला सूज येते, मग ती पकड सुटायला लागते आणि सगळं वजन त्या दुखऱ्या जागेवर पडतं, घोड्याला नीट उभं राहवत नाही. त्याच सकाळी तिनं शेवटचं शिंगरू जन्माला घातलं, त्यानंतर तिचे हाल बघवेनात म्हणून तिला कायमचं शांत केलं. आमच्या आजोबांचा बेळगावात टांगा होता, ते पहाटे चंदी द्यायच्या आधी चारी खुरांवर तळहात ठेवून बघायचे, खूर गरम लागला तर त्या दिवशी टांगा जुंपायचा नाही म्हणजे नाही, घरात पैसे असोत नसोत. ही बातमी वाचली तेव्हा मला पहिल्यांदा त्यांचा तो हातच आठवला.

आता तिच्या लेकींची पोरं मैदानात उतरतील तेव्हा रेसच्या कार्डावर बापाचं नाव पहिलं असेल, मी मात्र आधी आईचं नाव वाचणार.