खडपातल्या बायका आणि पाण्याखालची नोकरी

(मालवण येथील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. मालवणात उभं राहून प्रवाळ म्हणजे काय हे सांगत बसत नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पर्यटकांना डोकं पाण्यात घालून जे दाखवतात, तेच ते. १९८७ साली इथं सागरी अभयारण्य जाहीर झालं, २९.१२ चौरस किलोमीटरचं. त्यावरून गावात किती सभा झाल्या हे पुढच्या रांगेतल्या काकांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तो विषय काढला तर जेवणं इथंच करावी लागतील, म्हणून सोडते. माझं म्हणणं एवढंच आहे की प्रवाळ जगवायचं काम इथल्या बायकांना पगाराची नोकरी म्हणून मिळालं पाहिजे.

सुकतीला, म्हणजे ओहोटीला, खडपात, किनाऱ्यावरच्या खडकांत, कालवं (शिंपल्यातले जीव) काढणारी बाई बघा. तिला पंचांग पुरतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ कळते. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे दुपारी बाराला सुकती. आणि भांगाचं पाणी, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक थोडा, म्हणून ओढ कमी. पाण्याखाली काम करायला असाच दिवस लागतो. डायव्हिंगच्या वर्गात हे तक्त्यावरून शिकवतात, ही बोटांच्या पेरांवर सांगते. फक्त, उभा जन्म किनाऱ्यावर काढलेल्या कितीतरी बायकांना पोहता येत नाही. पोरं धक्क्यावरून उड्या मारत शिकली, पोरींना कुणी मारू दिल्या नाहीत. स्कूबाच्या, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली जाण्याच्या, पहिल्या कोर्सलाच २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं लागतं. तेव्हा आधी पोहणं, मग टाकी.

आता जे सांगते ते मला फार लागलेलं आहे. बाहेरच्या एका संस्थेनं इथल्या बायकांसाठी प्रशिक्षण ठेवलं होतं. नाव घेत नाही. मी शिकवायला होते. पहिल्या दिवशी खोली भरलेली. पाण्याखाली घालायचे अंगाला घट्ट वेटसूट आले ते सगळे पुरुषांच्या मापाचे: खांद्यात ढगळ, कमरेत अडकणारे. गळ्याशी पोकळी राहिली की गार पाणी आत शिरतं आणि माणूस थोड्याच वेळात कुडकुडायला लागतो. कपडे बदलायला धक्क्यावरचं एक स्वच्छतागृह, कडी तुटलेली. एकीनं आत जायचं, दुसरीनं दार धरायचं. मग अंगाला चिकटलेला सूट घालून आइस्क्रीमच्या गाड्या, होडीवाले, पर्यटक या सगळ्यांमधून होडीपर्यंत चालत जायचं. त्यात कुणाचा दीर होता, कुणाचे शेजारी.

एक ताई मला म्हणाली, "पाण्याचा माका काय भिया नाय. पण ह्यां घालून सगळ्यांच्या समोरसून चलत जावचा, त्याचा भिया वाटता." ही तीच बाई, जी तळाशी गेल्यावर सगळ्यांत शांत होती. एका प्रवाळावर गाळ बसला होता. मी काही खुणावायच्या आत तिनं हात न लावता तळवा वरच्या वर हलवला, पाणी ढवळलं, गाळ उडाला आणि खालचा तपकिरी-हिरवा जिवंत रंग दिसला. चार दिवसांत तीही यायची थांबली. नंतर अहवाल आला, त्यात लिहिलं होतं: महिलांचा प्रतिसाद अल्प. कडीचा उल्लेख कुठंच नव्हता! मंडळी, त्या बायका घाबरल्या नव्हत्या. त्यांना दार नव्हतं.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. मुख्य मुद्दा भराभर सांगते.

आपल्याकडचं प्रवाळ बरंचसं गोट्यासारखं घट्ट वाढणारं. अशा जाती वर्षाला साधारण एखादा सेंटिमीटर वाढतात. नवं प्रवाळ वाढवायला तुकडा पाण्याखालच्या चौकटीवर बांधला, फोटो काढला, की झालं असं नाही. त्यावर शेवाळ चढतं, पावसाळ्यात गाळ बसतो, फाटकी जाळी अडकतात, होडीचा नांगर पडतो. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जास्त तापून आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं, तर प्रवाळाच्या आत राहून त्याला अन्न पुरवणारं शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. हे सगळं बघायला, घासायला, मोजायला, नोंदवायला गावातच राहणारं माणूस लागतं. ऑक्टोबरला येऊन मेमध्ये जाणाऱ्याचं ते काम नव्हे.

लोक म्हणतात, शिकवून काय उपयोग, मुली लग्न होऊन जातात. अहो, जाणाऱ्या लेकी मोजता, येणाऱ्या सुना कोण मोजणार? तामिळनाडूतल्या रामनाथपुरमच्या बायका श्वास रोखून समुद्रशेवाळ काढतात. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात. दोन्हीकडे बायका पाण्यावरच कमावतात.

कायद्याचं एक. प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, परवानगीशिवाय तुकडाही हलवता येत नाही. म्हणून हे काम वन विभागाच्या देखरेखीखालीच होणार, आणि म्हणूनच मागणी तिथंच करायची: आधी पदं आणि मासिक वेतन ठरवा, पावसाळ्यात डायव्हिंग बंद असतं तेव्हा नोंदी आणि उपकरणांच्या देखभालीचा पगार द्या, मग प्रशिक्षण घ्या. बायकांच्या मापाचे सूट आणि कडी लागणारी खोली त्याच अंदाजपत्रकात पाहिजे.

निवेदन दाराजवळच्या टेबलावर ठेवलं आहे. ज्यांना पोहणं शिकायचं आहे त्यांची यादी वेगळी आहे. तिला वयाची अट नाही, सासूबाईंनीही नाव द्यावं.