आरतीला उभं राहायचं का?

जय ख्रिस्त मंडळी. हिंदू शेजाऱ्यांच्या पूजेत आपण ख्रिस्ती माणसांनी कुठवर सामील व्हायचं, हा विषय दुसरीकडं सेमिनारमध्ये लई गोडगोड बोलला जातो, पण कोल्हापुरात तो थेट दारात येतोय. गणपतीत तालमीची पोरं वर्गणीला येतात, वरच्या मजल्यावर सत्यनारायण असतो, आणि उद्यमनगरात लेथवर असलेल्या आपल्या माणसाला खंडेनवमीला टाळताच येत नाही, मशीन पुसायची, झेंडूचा हार, हळदकुंकू, आणि मालक प्रेमानं म्हणतो ये की, तुझी मशीन हाय, नारळ तूच फोड. आता?

मला बायबलातला नामान आठवतो, अरामाचा कोड झालेला सेनापती, 2 राजे, अध्याय 5. बरं होण्यासाठी यार्देन नदीत मारलेल्या सात बुडक्या सगळ्यांना पाठ, पण पुढचं कोण वाचत नाही. बरा झाल्यावर तो म्हणतो, आता दुसऱ्या देवाला बली देणार नाही, पण राजा माझ्या हातावर टेकून रिम्मोनाच्या देवळात वाकतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, तेवढी माफी असावी. आपल्याला वाटतं अलीशा संदेष्टा आता झापणार. तो एवढंच म्हणतो, शांतीनं जा. चालतंय असं म्हणाला नाही, चालत नाही असंही नाही!

माझं मत सांगतो, हजर राहणं वेगळं आणि पूजेत हात घालणं वेगळं. हे मी काढलेलं नाही, इ.स. 200 च्या आसपास उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुल्यन, मूर्तिपूजेबद्दल त्याच्याइतका कडक माणूस सापडायचा नाही, तोसुद्धा म्हणतो की लग्न, साखरपुडा, बारसं असेल तर जा, तिथं बली दिला जात असला तरी, कारण तुम्ही माणसासाठी गेलाय. बोलावणंच बलीसाठी असेल तर नको.

म्हणजे मशीन पुसा, सगळ्यांबरोबर उभे राहा, नारळ दुसऱ्याला फोडू दे. आणि हे मालकाला आदल्या दिवशी सांगा, हातात नारळ दिल्यावर तत्त्वज्ञान काढू नका, त्यात त्याचा चारचौघांत पचका होतोय.

शिऱ्याचं जरा अवघड आहे. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला पत्रात म्हणतो, कुणाकडं जेवायला गेलात तर पुढं येईल ते न विचारता खा, पण हे नैवेद्याचं आहे असं कुणी सांगितलं तर खाऊ नका, सांगणाऱ्यासाठी. आता केळं घातलेला सव्वाच्या मापाचा शिरा द्रोणात आला की कुणी सांगायची गरज राहते का? मी घेत नाही. हात जोडून नको म्हणतो, आणि बसून गप्पा मारतो, तोंड वाकडं करून उठत नाही.

याचा शेजाऱ्यांना राग येतो का? क्वचित. नाताळच्या भक्तीला शेजारी येतात, क्वायर ऐकतात, केक खातात, प्रभूभोजनाच्या, म्हणजे आपण भाकर-द्राक्षरस घेतो त्या वेळी बाकावरच बसतात, आपण कुठं रागावतो? जुनी माणसं याहून कडक होती, देवळाकडं बघायची पण नाहीत, कारण 1852 ला वाइल्डर मिशनरी इथं आले त्यानंतर जे ख्रिस्ती झाले ते घरदार, जात सोडून आलेले, ते आरतीत दिसले असते तर गाव म्हणालं असतं, आला बघ माघारी. आपल्याला तसं कोण म्हणत नाही.

राहिला प्रश्न हिंदू घरात दिलेल्या लेकीचा, सासू म्हणते गौरीचं तूच कर. तिथं माझी ही हजेरी आणि हात घालण्याची रेघ नीट बसत नाही, कारण ती पाहुणी नाही, त्या घरचीच आहे. त्यावर चहा झाल्यावर बोलू, आणि बायकांनी आधी बोलावं.