सोन्याचा कण आणि बिघडलेला कूलर

(दृश्य: नागपूर, इतवारी, सराफा बाजार. सकाळ. अर्धी शटरं अजून खाली.)

दुकानं उघडायच्या आत इथे दुसराच धंदा उरकतो. कारागिरांच्या पायऱ्यांपुढची धूळ, नालीतला गाळ गोळा करायचा, घमेल्यात धूत बसायचं. सोनझाऱ्यांचं हे काम. शेवटी तळाशी राहतो पिवळा चुरा, डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा.

असाच, पण कितीतरी बारीक सोन्याचा कण तापवून कॅन्सरची गाठ मारता येईल का, हे संशोधक बघताहेत. म्हणून आधी बघू, हाच कण आणखी बारीक करत नेला तर? मिलिमीटरचे दहा लाख भाग करा आणि त्यातले फक्त १५ घ्या. एवढुशा कणांचं सोनं पिवळं राहत नाही. पाण्यात ते माणकासारखं लाल दिसतं. शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे यांनी १८५७ मध्ये लंडनमध्ये असं लाल पाणी दाखवलं होतं. कोविडच्या रॅपिड किटवरची लाल रेघ आठवते? बहुतेक किटमध्ये ती रेघ सोन्याचीच असते. तेव्हा आपण ती बघून घाबरलो, पण सोनं म्हणून कुणी जपून ठेवली नाही.

रंग बदलतो तो इलेक्ट्रॉनमुळे. एवढ्या लहान कणातले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या ठेक्यावर सगळे एकदम हेलकावतात. ज्या रंगाशी ठेका जुळतो, तो प्रकाश कण गिळतो आणि त्याची उष्णता होते. गोल कण हिरवा प्रकाश गिळतो, म्हणून आपल्याला लाल दिसतो.

(दृश्य: अंधारी खोली. मोबाइलच्या टॉर्चवर ठेवलेली बोटं, कडा लाल.)

बोटांतून हिरवा उजेड येत नाही, लाल येतो. लालच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश याहून खोल जातो. शरीरातल्या गाठीपर्यंत पोहोचायचं तर कणानं हाच प्रकाश गिळायला हवा. म्हणून कणाची घडणच बदलली गेली. संशोधक मुस्तफा अल-सय्यद यांनी सोन्याच्या कांड्या वापरल्या. नाओमी हॅलस आणि जेनिफर वेस्ट या संशोधकांनी काचेसारख्या सिलिकाच्या गोळीवर सोन्याचा पातळ मुलामा चढवला. मुलामा किती जाड, यावर ठेका ठरतो. सराफ्यात मुलाम्याला कमी लेखतात. इथे सगळी करामत त्याचीच.

(दृश्य: मे महिन्यातला रिकामा रस्ता. खिडकीतला कूलर, ओली ताटी.)

नवतपा. पारा ४५ च्या आसपास. तरी आपलं शरीर ३७ अंशांवर टिकून असतं, कारण आत एक कूलर चालू असतो. एका जागची ऊब रक्त उचलतं आणि दुसरीकडे नेऊन सोडतं. कॅन्सरच्या गाठीत हा कूलर बिघडलेला असतो. तिथल्या रक्तवाहिन्या घाईत वाढलेल्या, वेड्यावाकड्या, फटी पडलेल्या. त्या फटींतून सोन्याचे कण आत झिरपतात. मग त्या न दिसणाऱ्या प्रकाशाचा लेझर पडला, कण तापले, की ती उष्णता वाहून न्यायला तिथे धड सोय नसते. ४२-४३ अंशांपासून पेशी डळमळू लागते. ५० च्या पुढे काही मिनिटांत मरते. शेजारच्या निरोगी भागात सोनं जवळजवळ नसतं, त्यामुळे तो एवढा तापत नाही.

अमेरिकेत प्रोस्टेटच्या कॅन्सरवर हे करून पाहिलं गेलं. आदल्या दिवशी शिरेतून कण, दुसऱ्या दिवशी बारीक तंतूतून लेझर थेट गाठीत. २०१९ मध्ये निकाल छापून आला: १६ पैकी १५ जणांवर उपचार ठरल्याप्रमाणे पार पडला, आणि लघवीच्या किंवा लैंगिक तक्रारी लक्षणीय वाढल्या नाहीत. माणसं सोळाच, हेही ऐकून ठेवा.

अडचण पोहोचण्याची आहे. प्राण्यांवरच्या नॅनोकणांच्या दहा वर्षांच्या प्रयोगांची २०१६ मध्ये गोळाबेरीज झाली. टोचलेल्या हजार कणांपैकी गाठीत पोहोचतात साधारण सात. बाकीचे बहुतेक यकृत आणि प्लीहा अडवून ठेवतात. सोनं शरीरात विरघळत नाही. ते तिथेच दीर्घकाळ पडून राहू शकतं.

आणि हो, सुवर्णभस्म खाल्लं म्हणजे हे झालं, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. इथे मारते ती उष्णता. लेझर नसेल तर हे सोनं नुसतं पडून राहील.

(दृश्य: पानठेला. ताणलेल्या पन्नीवर सुपारी, तंबाखू, चुना. घोटण्याचा आवाज.)

विदर्भात तोंडाचा कॅन्सर खर्र्याच्या मागून येतो. तोंडात प्रकाश सहज पोहोचतो, म्हणून संशोधकांचं या गाठींकडे लक्ष आहे. पण आज नागपुरात त्यावर उपचार म्हणजे शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि केमो. ठेल्यावर पुढचा खर्रा घोटून होत आलाय.