परवाना कशाच्या आधारावर? इलिनॉयमधील डॉक्टरांच्या जुन्या नोंदवह्या

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १ जुलै १८७७ रोजी नवा कायदा अमलात आला आणि राज्य आरोग्य मंडळाच्या प्रमाणपत्राशिवाय वैद्यकीय व्यवसाय करणे बेकायदा ठरले. प्रमाणपत्र मिळाले की ते आपल्या काउंटीच्या कचेरीत नेऊन क्लार्ककडे नोंदवून घेणे डॉक्टरांवर बंधनकारक होते. क्लार्कने ठेवलेल्या या नोंदवह्यांपैकी अनेक आज राज्य पुराभिलेखागाराच्या ताब्यात असून, राज्यातील विद्यापीठांमध्ये असलेल्या त्याच्या प्रादेशिक केंद्रांत त्या अभ्यासकांना पाहता येतात.

वही उघडली की डोळ्यांसमोर येतात ते आखलेले रकाने आणि कारकुनी हस्ताक्षरातील नोंदी. काउंटीगणिक रकाने थोडेफार बदलतात. पण डॉक्टरचे नाव, राहण्याचे ठिकाण, वय, जन्मस्थान, तो कोणत्या वैद्यकीय विद्यालयातून कधी उत्तीर्ण झाला आणि किती वर्षे व्यवसाय करीत आहे, अशा प्रकारची माहिती त्यांत आढळते. येथे येणारे पुष्कळ जण आपल्या पूर्वजांचे नाव शोधत येतात आणि नाव सापडले की समाधानाने वही मिटतात. खरे तर वाचण्याजोगा भाग तिथून पुढे सुरू होतो, कारण या माणसाला राज्याने डॉक्टर म्हणून नेमके कशाच्या आधारावर मान्य केले, हे नावापुढच्या रकान्यांतून कळते.

हा आधार तीन प्रकारचा असू शकत होता. मंडळाला मान्य असलेल्या विद्यालयाची पदवी असेल तर ती तपासून प्रमाणपत्र दिले जाई. तशी पदवी नसेल तर मंडळासमोर परीक्षा द्यावी लागे. आणि कायदा येण्यापूर्वी जो राज्यात सलग दहा वर्षे व्यवसाय करीत होता, त्याला या दोन्हींतून सूट होती. ही तिसरी वाट ठेवण्यामागे व्यवहार होता. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात अमेरिकेतील बहुतेक राज्यांनी डॉक्टरांच्या परवान्यांचे जुने कायदे एक तर रद्द केले होते किंवा निष्प्रभ करून ठेवले होते. त्यामुळे पदवी नसलेले, कुणा जुन्या डॉक्टरच्या हाताखाली शिकून तयार झालेले असंख्य लोक गावोगाव उपचार करीत होते. त्या सर्वांना एका दिवसात घरी बसवले असते, तर कित्येक खेड्यांत डॉक्टरच उरला नसता.

पदवीची वाट वरवर सर्वांत सरळ दिसते, पण मंडळाची खरी कसोटी तिथेच लागली. पैसे मोजून पदवी घरपोच मिळण्याचे ते दिवस होते. फिलाडेल्फियात जॉन ब्युकॅनन नावाच्या गृहस्थाने अशा पदव्यांचा बाजारच मांडला होता. १८८० मध्ये प्रकरण अंगाशी आले, तेव्हा त्याने नदीत बुडून मेल्याचा बनाव रचला आणि अखेर जिवंत पकडला जाऊन तुरुंगात गेला. (आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये पदवी मिळवली तीही याच शहरात, मात्र त्यांचे महिला वैद्यकीय महाविद्यालय अगदी वेगळ्या जातकुळीचे होते.) तेव्हा कागद खरा आहे की खोटा, एवढेच पाहून मंडळाचे भागत नव्हते. मंडळाचे सचिव डॉ. जॉन राउच यांनी विद्यालयांचीच चौकशी आरंभली: प्रवेशाला कोणती पात्रता लागते, सत्रे किती आणि किती आठवड्यांची, कोणते विषय शिकवले जातात. मंडळाने प्रसिद्ध केलेल्या या माहितीचा उपयोग पुढे इतर राज्यांनीही करून घेतला. म्हणून नोंदवहीतील विद्यालयाच्या नावाकडे नुसता तपशील म्हणून पाहू नये.

दहा वर्षांच्या अटीने मात्र अनेकांची कोंडी केली. शेजारच्या नव्हे, पण अशाच कायद्याच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात फ्रँक डेंट हे १८७६ पासून व्यवसाय करीत होते. तिथला कायदा १८८१ चा, म्हणजे दहा वर्षे भरायला त्यांना निम्मा काळ कमी पडला. त्यांच्याजवळ सिनसिनाटीच्या एका एक्लेक्टिक महाविद्यालयाची पदवी होती. वनस्पतिजन्य औषधांवर भर देणारा हा पंथ तेव्हा बराच लोकप्रिय होता; पण त्या राज्याच्या मंडळाने ते महाविद्यालय मान्य केले नाही. डेंट यांनी व्यवसाय चालूच ठेवला, त्यांना ५० डॉलर दंड झाला आणि वाद थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. १८८९ मध्ये न्यायमूर्ती स्टीफन फील्ड यांनी लिहिलेल्या एकमुखी निकालाने राज्याची बाजू उचलून धरली. जनतेच्या रक्षणासाठी डॉक्टरकडून ज्ञानाची आणि कौशल्याची खात्री मागण्याचा अधिकार राज्याला आहे, हे त्यातून पक्के झाले आणि परवान्याच्या कायद्यांना भक्कम पाया मिळाला.

नोंदवही वाचताना एक सावधगिरी बाळगावी लागते. तिच्यात येतात ते परवाना मिळालेले लोक. १८७७ मध्ये इलिनॉयमध्ये पदवी नसलेले सुमारे ३,६०० जण व्यवसाय करीत होते आणि त्यांपैकी सुमारे १,४०० जण वर्षभरात राज्य सोडून गेले, असे त्या काळी सांगितले गेले. मंडळाच्या बाजूने दिलेले हे आकडे असल्याने ते थोडे हात राखूनच घ्यावेत. तरीही एवढे खरे की, निघून गेलेल्यांतला भोंदू कोण आणि गावाचा विश्वास कमावलेला अनुभवी वैद्य कोण, हे सांगायला या वह्यांत जागाच नाही.

सुईणींचे तसे नाही. त्यांनाही या व्यवस्थेत परवाना घ्यावा लागे आणि काही काउंट्यांत त्यांच्या नोंदी डॉक्टरांच्याच वहीत आहेत. एरवी सरकारी कागदपत्रांत क्वचितच स्वतःच्या व्यवसायानिशी दिसणाऱ्या या स्त्रिया येथे नावानिशी भेटतात, आणि माझ्या मते या संग्रहाचे हेच सर्वांत मोठे मोल आहे.

नोंदवहीबाहेर राहिलेल्यांचा माग काढायचा असेल, तर १८८० च्या जनगणनेची पाने शेजारी ठेवून वाचावीत. जनगणनेत व्यवसाय लिहिला जाई तो घरच्यांनी सांगितला तसा. तिथे ज्याच्या नावापुढे ‘डॉक्टर’ आहे आणि काउंटीच्या वहीत मात्र जो नाही, त्याच्यासाठी मग न्यायालयाचे दप्तर, स्थानिक वृत्तपत्रांतील जाहिराती आणि शेजारच्या राज्यांच्या नोंदवह्या चाळाव्या लागतात.