पाच महिन्यांची पलटण आणि योसेमिटी

नमस्कार मंडळी, सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातली आपली मराठी मंडळी लाँग वीकेंड आला की गाडी काढून योसेमिटी नॅशनल पार्कला पळतात आणि मग फॅमिली ग्रुपवर धबधब्यांचे फोटो सुरू. आज सांगायचंय ते असं, की त्या फोटोंतल्या कितीतरी जागांची नावं एका हंगामी पलटणीने ठेवलीयेत, मारिपोसा बटालियन तिचं नाव, फेब्रुवारी १८५१ मध्ये उभी राहिली आणि १ जुलैला मोडलीसुद्धा.

कॅलिफोर्नियात १८४८ ला सोनं सापडलं आणि जगभरचे लोक तिकडे धावले, डोंगरातल्या मूळ रहिवाशांच्या नद्या, शिकार, ओकची झाडं सगळं या खाणवाल्यांच्या पायाखाली आलं. जेम्स सॅवेज नावाचा एक व्यापारी तिथे दुकानं चालवायचा, वल्ली माणूस, तिथल्या भाषा बोलायचा, तिथल्याच बायका केलेल्या, आणि त्याच लोकांकडून सोनं काढून घेऊन गब्बर झालेला. डिसेंबर १८५० मध्ये त्याच्या फ्रेस्नो नदीवरच्या दुकानावर हल्ला झाला, माणसं मेली, आणि गव्हर्नरने २०० व्हॉलंटियर्सना परवानगी दिली. म्हणजे कोण, तर कालपर्यंत वाळू चाळणारे खाणवालेच! पलटणीच्या तीन कंपन्या, म्हणजे तुकड्या, झाल्या आणि मेजर कोण? सॅवेजच. ज्यांच्यात संसार थाटला त्यांनाच हुसकायला निघाला.

मार्चमध्ये भरपूर बर्फातून दोन कंपन्या वर चढल्या आणि २७ मार्चला एकदम खाली ती दरी दिसली. लफायेट बनेल म्हणून एक शिकलेला गडी होता त्यांच्यात, दरी बघून त्याचे डोळे भरून आले असं त्यानेच पुढे लिहिलंय. रात्री शेकोटीभोवती चर्चा करून त्यांनी दरीचं योसेमिटी असं बारसं उरकलं. खरं तर तिथे राहणारे अहवाहनीची लोक तिला अहवाहनी म्हणायचे, पण त्यांना विचारतो कोण!

दुसऱ्या दिवशी वस्त्या बघितल्या तर रिकाम्या, सगळे पळालेले. एक म्हातारी तेवढी सापडली, अगदी जख्ख, बाकीचे कुठे गेले म्हणून सॅवेजने विचारलं तर म्हणाली जा की शोधा, आणि तू का नाही गेलीस तर म्हणे कडे चढायचं वय नाही राहिलं माझं. मग यांनी काय केलं, झोपड्या आणि ओकच्या फळांचे साठे पेटवून दिले. ती फळं म्हणजे त्यांचं वर्षाचं धान्य हो, कणग्याच जाळल्या म्हणा ना.

मे महिन्यात कॅप्टन बोलिंगची कंपनी परत आली. अहवाहनीचींचा म्होरक्या तेनाया, त्याची तीन मुलं पकडली, म्हणून तिथल्या तीन सुळक्यांना थ्री ब्रदर्स म्हणतात, आज बस थांबवून दाखवतात ते. त्यानंतर तेनायाचा एक मुलगा पळायला गेला आणि पहारेकऱ्याने गोळी घातली. बापाला पकडून आणलं तेव्हा समोर पोराचं प्रेत. पुढे वरच्या तळ्याला बनेलने तेनायाचं नाव दिलं आणि कौतुकाने सांगायला गेला, तर म्हातारा म्हणाला, तळ्याला नाव आहे आधीच.

सरकारी कमिशनरांनी १८५१-५२ मध्ये राज्यभरातल्या जमातींशी १८ करार केले, राखीव जमिनी देऊ म्हणून, ते अमेरिकेच्या सिनेटने १८५२ मध्ये बंद दाराआड फेटाळले आणि कागद १९०५ पर्यंत दाबून ठेवले. अशा मोहिमांचा खर्च मात्र राज्याने बाँड काढून उभा केला आणि १८५४ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, त्यापोटी ९ लाख डॉलरच्या वर मंजूर केले, त्याला काही गुप्तता लागली नाही.

सॅवेजचं काय झालं? पलटण मोडल्यावर परत दुकानदारी, आणि यावेळी हा माणूस चक्क मूळ रहिवाशांच्या बाजूने उभा. वॉल्टर हार्वी नावाच्या एकाने किंग्ज नदीवर टोळी नेऊन त्यांची माणसं मारली, सॅवेजने त्याला उघड दोष दिला, आणि ऑगस्ट १८५२ मध्ये दोघांची जुंपली तेव्हा हार्वीने त्याला गोळ्या घातल्या. हार्वी सुटला.