एका गिटारमधले दोन सूर

श्रोतेहो, नमस्कार.

गिटार घरात आली की बहुतेक जण आधी चार-पाच कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गट, शिकतात. हातात पिक, म्हणजे तारा छेडायचा छोटा तुकडा, धरायचा, सहाही तारांवरून वर-खाली फिरवायचा आणि चाल गळ्यानं म्हणायची. त्यात आनंद आहेच. पण कधीतरी एखादा वादक एकटाच बसून खर्ज, ठेका आणि चाल असं सगळं एकाच गिटारमधून काढताना दिसतो आणि आपल्याला प्रश्न पडतो, हा करतो तरी काय? तो उजव्या हाताच्या अंगठ्याला जाड तारा देतो, बाकीच्या बोटांना बारीक तारा देतो आणि प्रत्येकाला आपापलं काम करू देतो. या पद्धतीला फिंगरस्टाइल म्हणतात. ही पद्धत शिकायला एक गाणं मला फार मोलाचं वाटतं, ते म्हणजे बीटल्स या इंग्रजी बँडचं ‘ब्लॅकबर्ड’. आज त्याच्याविषयी बोलू. गिटार असेल तर मांडीवर घ्या. नसेल तर पेटी काढलीत तरी चालेल.

बीटल्समधल्या पॉल मॅकार्टनी यांनी हे गाणं ११ जून १९६८ रोजी लंडनच्या ॲबी रोडवरील ईएमआय स्टुडिओत रेकॉर्ड केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात बीटल्सचा दोन तबकड्यांचा अल्बम आला. कोऱ्या पांढऱ्या वेष्टनामुळे त्याला सगळे ‘व्हाइट अल्बम’ म्हणतात. हे गाणं त्यातलं. बीटल्स चौघे असले तरी इथे मॅकार्टनी एकटेच आहेत. त्यांचा गळा, त्यांची गिटार, जमिनीवर पडणारा त्यांच्या पायाचा ठोका आणि स्टुडिओच्या संग्रहातला ब्लॅकबर्ड पक्ष्याचा आवाज. युरोपातल्या बागांमधला हा काळा, पिवळ्या चोचीचा पक्षी. आपल्या सह्याद्रीतला कस्तूर त्याचाच भाऊबंद. गाणं २ मिनिटं १८ सेकंदांत संपतं आणि एवढ्यात काहीही कमी पडल्यासारखं वाटत नाही.

याचं मूळ बाख या जुन्या जर्मन संगीतकाराच्या एका रचनेत आहे. मॅकार्टनी आणि बीटल्समधलेच जॉर्ज हॅरिसन लिव्हरपूलमध्ये शाळकरी वयाचे होते, तेव्हा लोकांवर छाप पाडायला म्हणून बाखची ई मायनरमधली ‘बुरे’ ही नृत्याच्या ढंगाची रचना गिटारवर वाजवायचे. बाखनं ती ल्यूट या जुन्या तंतुवाद्यासाठीच्या संचात लिहिलेली. तिच्यात खालचा सूर आणि वरचा सूर एकाच वेळी चालतात आणि दोघांनाही स्वतःची चाल आहे. मॅकार्टनी यांच्या मनात ती कल्पना घर करून राहिली आणि पुढे तिच्यातून हे गाणं आलं.

आता तुमच्या बोटांकडे येऊ. गिटारची सर्वांत बारीक तार पहिली, सर्वांत जाड सहावी. गाणं जी मेजरमध्ये आहे. आपल्या भाषेत, पेटीवरची पांढरी पाच हा सा. गिटारची मोकळी तिसरी तार नेमकी याच सुरात असते. म्हणजे न दाबता, नुसती छेडली की सा मिळतो. सुरुवातीच्या जागांमध्ये ही तार सतत मधून मधून वाजत राहते, तानपुऱ्यासारखी. आपल्याकडच्या कानाला हे लगेच ओळखीचं वाटतं, म्हणून मी सुरुवात इथूनच करायला सांगते. थोडा वेळ डाव्या हाताला विसरा आणि उजव्या तर्जनीनं फक्त तिसरी तार छेडत राहा. पायानं सावकाश ठोका धरा. सा कानात मुरू द्या.

मग खालचा सूर. गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्ट्यांनी पडलेलं एकेक घर म्हणजे फ्रेट. सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट हा खर्जातला सा. पाचवी तार मोकळी, हा रे. पाचव्या तारेचा दुसरा फ्रेट, ग. आणि तिथून थेट उडी मारून त्याच तारेच्या दहाव्या फ्रेटवर, पुन्हा सा, एक सप्तक वरचा. सा, रे, ग आणि वरचा सा. हे फक्त अंगठ्यानं वाजवा आणि बरोबर म्हणा.

आता वरचा सूर, दुसऱ्या तारेवर. मोकळी तार हा ग. पहिला फ्रेट म. तिसरा फ्रेट प. आणि बाराव्या फ्रेटवर वरचा ग. ग, म, प आणि वरचा ग. हेही म्हणून बघा.

दोन्ही एकत्र करा. खाली सा तेव्हा वर ग, खाली रे तेव्हा वर म, खाली ग तेव्हा वर प. खालचा सूर आणि वरचा सूर यांच्यात दर वेळी एक सप्तक आणि वर दोन पायऱ्या इतकं अंतर राहतं. पाश्चात्त्य संगीतात याला टेन्थ म्हणतात. हेच दोन सूर एकाच सप्तकात जवळजवळ वाजवले तर भरीव, थोडे जड लागतात. सप्तकाचं अंतर दिलं की दोघांना श्वास घ्यायला जागा मिळते आणि त्या मोकळ्या जागेत तिसऱ्या तारेचा सा बसतो. पेटी असेल तर डाव्या-उजव्या हातानं आत्ता वाजवून बघा. ‘ब्लॅकबर्ड’चा सगळा गोडवा या अंतरात आहे.

आपण एका सुराच्या पाठीमागे जाणारी माणसं आहोत. गायक एक चाल गातो, पेटी तीच धरते, तानपुरा खाली असतो. दोन वेगळ्या चाली एकाच वेळी ऐकायची आपल्या कानाला सवय कमी. म्हणून नवशिका इथे अडखळतो तेव्हा दोष बोटांना देतो. मला शिकवताना उलट दिसतं. ज्याला खालची चाल स्वतंत्र गाता येते, त्याची बोटं लवकर जागेवर येतात. ज्यानं टॅबमधले, म्हणजे कुठली तार कुठल्या फ्रेटवर दाबायची हे लिहिलेल्या कागदावरचे, आकडे पाठ केले आहेत, त्याला पुढची जागा दर वेळी आठवावी लागते. टॅब जरूर वापरा, पण आकड्याच्या जागी सूर ऐकू येईपर्यंत पुढे जाऊ नका.

डाव्या हाताबद्दल दोनच गोष्टी. बोटं उभी ठेवा, टोकावर. बोट जरा आडवं झालं की मधल्या तिसऱ्या तारेला लागतं आणि सा बंद पडतो. आणि ती मोठी उडी. दुसऱ्या फ्रेटवर पाचव्या तारेवर तर्जनी ठेवा, वरच्या प वर मधलं बोट. उडी मारताना तर्जनी तारेवरून उचलू नका, दाब काढून तशीच सरकवत दहाव्यावर न्या. बाराव्या फ्रेटवर अनामिका टेका. बहुतेक गिटारींवर बाराव्या फ्रेटजवळ दोन ठिपके असतात. हात निघण्याआधी नजर तिथे पोहोचली पाहिजे.

उजव्या हाताची मॅकार्टनी यांची रीत त्यांची स्वतःची आहे. १९६८च्या सुरुवातीला बीटल्स ऋषिकेशला आले होते, तेव्हा डोनोव्हन या स्कॉटिश गायकानं बीटल्समधल्या जॉन लेनन यांना फिंगरपिकिंगची, म्हणजे बोटांनी तारा छेडण्याची, रुळलेली पद्धत शिकवली होती. मॅकार्टनी यांनी मात्र अंगठा आणि तर्जनी एवढ्यावरच भागवलं. अंगठा खालचा सूर काढतो आणि तर्जनी तारांवरून हलकेच खाली-वर फिरते. तुम्ही सुरुवातीला ते करू नका. अंगठा आणि मधल्या बोटानं चिमटीत धरल्यासारख्या दोन तारा एकदम छेडा आणि तर्जनी तिसऱ्या तारेसाठी राखून ठेवा. स्वच्छ वाजायला लागलं की मग त्यांची रीत उचला, कारण त्या झटक्याची खुमारी चिमटीत येत नाही.

यानंतर गाण्यातला माझा सर्वांत आवडता भाग येतो. खालचा सूर पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटपासून सातव्यापर्यंत एकेक फ्रेट चढतो: म, तीव्र म, प, कोमल ध, शुद्ध ध. पाच जागा, दोन जागांमध्ये अर्ध्या स्वराचं अंतर. वरचा सूर मात्र तेवढ्याच वेळात तीनच जागा घेतो: ध, ध, नी, नी, सा. खालचा चढतो तेव्हा वरचा थांबतो, मग दोघे एकदम चढतात, पुन्हा वरचा थांबतो आणि शेवटी दोघे मिळून पोहोचतात. एकच सूर धरून ऐकलंत तर ही चढण साधी आहे. दोन्ही ऐकलेत तर तिच्यात ताण आहे, सुटका आहे, पुन्हा ताण आहे. आणि वर पोहोचून खालचा सूर तशीच अर्ध्या अर्ध्या स्वरानं उतरण करतो. हा भाग सावकाश वाजवा, अगदी प्रत्येक जागी थांबून. इतक्या कमी साधनांत इतकं काही घडवणं मला आजही थक्क करतं.

लयीबद्दल सावध करते. हे गाणं केरव्यात बसवू नका. पहिला तुकडा तीन मात्रांचा, पुढचा चारचा आणि मध्येच कुठे दोनचाही. आवर्तन मोजणारा माणूस हमखास चुकतो. मोजायचा तो फक्त पायाचा ठोका, एकसारखा. मॅकार्टनी यांच्या पायाचा तो ठोका इतका आतला आहे की २०२४ साली अमेरिकन गायिका बियॉन्से यांनी हे गाणं नव्यानं गायलं तेव्हा खाली १९६८च्या त्याच रेकॉर्डिंगमधली गिटार आणि तोच पाय ठेवला.

गायला घाई करू नका. हात बोलता बोलता चालायला लागले की गळा आणा. आणि गाताना आवाज वाढवू नका. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा नागरी हक्कांचा लढा आपल्या मनात होता, असं मॅकार्टनी यांनी सांगितलं आहे. १९५७ साली तिथल्या लिटल रॉक शहरात गोऱ्यांच्या शाळेत पाऊल टाकणाऱ्या नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी एलिझाबेथ एकफर्ड आणि थेल्मा मदरशेड वेअर या दोघींना ते २०१६ मध्ये भेटले. एवढा मोठा विषय त्यांनी कुणाला तरी जवळ बसवून धीर द्यावा इतक्या हलक्या आवाजात गायला आहे. गिटारही तशीच वाजली पाहिजे.

आणि हे गाणं हातात बसलं की बाखची ‘बुरे’ घ्या. तिथे मध्ये वाजणारी मोकळी तार नाही, सा धरून ठेवणारं कुणी नाही. दोन सूर कधी बरोबरीनं चालतात, कधी एक चढतो तेव्हा दुसरा उतरतो. ‘ब्लॅकबर्ड’ वाजवलेल्या कानाला ते दोघे वेगवेगळे ऐकू येतील.

नमस्कार.