गोलपोस्टवरचा खंड्या

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘सांघिक खेळ न आवडणारी मुलं आणि व्यायाम’. व्यायामाकडे येतोच. त्याआधी माझी एक जुनी तक्रार ऐकून घ्या. फोंड्यात आहे म्हणून बोलतो. मडगावात फुटबॉलविषयी असं बोललो असतो, तर घरी धड पोचलो असतो की नाही, देव जाणे.

तक्रार खेळावर नाही, गडी वाटून घेण्याच्या पद्धतीवर आहे. दोन दांडगे कॅप्टन उभे राहतात, ‘हा माझा, तो तुझा’ सुरू होतं आणि शेवटी एक पोर उरतं. मग दोघांत वाद: ‘तू घे.’ ‘नको, तूच घे.’ हे त्या पोरासमोर! आपण मोठी माणसं लग्नाच्या पंगतीत मागे राहिलो तर वर्षभर बोलून दाखवतो.

आमच्या वाड्यावर असाच एक कायम उरणारा होता. त्याला गोलात उभा करायचे, धावायला नको म्हणून. भात कापून झालेल्या शेतात मॅच, दोन बांबूंचा गोल. एकदा बांबूवर खंड्या येऊन बसला. हा त्याच्याकडे बघत राहिला आणि चेंडू पायांमधून गेला. पोरांनी जे ऐकवलं ते इथे सांगण्यासारखं नाही. पुढे भगिनी बसल्या आहेत, आणि त्यांतल्या काहींना ते माझ्यापेक्षा चांगलं येतं. त्यानंतर शाळेत पी.टी.चा तास आला की याचं पोट दुखायचं. आई म्हणायची, ‘आळशी आहे.’

खंड्या दिसला तो फक्त त्यालाच, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. आलं ते त्याच्या मामाच्या. मामा त्याला सायकलीवर रायबंदरला घेऊन गेला, फेरीतून चोडणला, सलीम अली पक्षी अभयारण्यात. खारफुटीतून चालायचं, थांबायचं, बघायचं. तिथे कुणी गोल मोजत नाही. पुढे ‘मामा, रविवारी जाऊया?’ असं तोच विचारू लागला. पोटदुखीवाला, बरं का!

...संयोजकांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरली. तर मुद्दे भराभर सांगतो.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते, आणि हाडं-स्नायू बळकट करणारी आठवड्यातून किमान ३ दिवस. त्यात चेंडूची अट कुठेही नाही. पोहणं, दोरीवरच्या उड्या, झाडावर चढणं, मुलींची फुगडी, सगळं चालतं. फुगडी मुलग्यांनी घातली तरी आभाळ कोसळत नाही. मल्लखांब घ्या: २०२३ च्या गोव्यातल्या ३७व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत तो होता. खांबावर बहुतेक वेळा एकटाच असतो, ‘पास दे रे’ म्हणून ओरडणारं कुणी नसतं.

मुलाचं लक्ष कुठे जातं ते आधी बघा आणि तिथवर पायांनी जायची सोय करा. सुरुवातीला बरोबर जा, मागून सूचना देऊ नका. एखादी गोष्ट महिनाभर करून नाही आवडली, तर दुसरी. आणि जरा जमू लागलं की लगेच स्पर्धेचा फॉर्म आणू नका, कृपा करून. पावसाळ्यात काय करायचं, हे राहिलंच. ते चहाच्या वेळी विचारा.